दीर्घकाळ बैठे काम करणार्‍यांनो, मधून मधून उठणे हा कामाचाच भाग समजा !

टंकलेखन, भाषांतर, मुद्रितशोधन, अंकाची संरचना, हिशेब, ध्वनीचित्र-संकलन अशा अनेक सेवा आज संगणकासमोर बसूनच कराव्या लागतात. या सेवा करणारे बरेच जण दिवसभर कार्यालयातही संगणकावर काम करतात आणि घरी आल्यावर सेवेसाठी पुन्हा तोच चालू करतात. अशा प्रकारे दिवसाचे १० ते १२ तास बसण्यात जातात.

विशेष म्हणजे मन लावून काम करणार्‍यालाच याचा त्रास अधिक होतो. तो कामात इतका रमतो की, पाय बधीर झाले, डोळे चुरचुरू लागले, तहान लागली, तरी ‘एवढे पान संपले की उठतो’, असे म्हणत तो बसून राहतो. एक पान संपले की दुसरे समोर येते. काही आठवड्यांनी मान धरते, काही मासांनी कंबर किंवा मनगट दुखू लागते आणि शेवटी आधुनिक वैद्य काही काळ संगणक पूर्ण बंद करायला सांगतात. पाच-पाच मिनिटे वाचवून मिळवलेला वेळ अशा वेळी एकदमच निघून जातो.

यावर पुष्कळ जण चांगली खुर्ची घेतात. खुर्ची योग्य हवीच. पण कितीही योग्य स्थिती असली, तरी त्याच स्थितीत तासन्‌तास राहिल्यास शरीराला त्रास होतो. त्यामुळे ‘कसे बसावे’ यासह ‘कधी उठावे’ हेही शिकायला हवे. या लेखात त्याविषयीची सूत्रे दिली आहेत.

१. बैठ्या कामाचे दुष्परिणाम पूर्वीपासून ज्ञात असणे

१ अ. आयुर्वेद : चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील सहाव्या अध्यायात प्रमेहाची, म्हणजे मधुमेह ज्या गटात येतो त्या विकारांची कारणे सांगितली आहेत. त्यांत आरंभीच ‘आस्यासुख’, म्हणजे बसून राहण्याचे सुख, हे कारण आले आहे. गोड आणि जड आहाराचा उल्लेख त्याच्या नंतर आहे. आपण आहारातील साखर मोजतो. पण बसण्याचे तास मोजत नाही, हे यावरून लक्षात येईल.

१ आ. लेखनिकांचे विकार : इटलीतील वैद्य बर्नार्डिनो रामाझ्झिनी यांनी वेगवेगळ्या व्यवसायांमुळे होणार्‍या विकारांवर १७०० साली ग्रंथ प्रसिद्ध केला. १७१३ च्या वाढवलेल्या आवृत्तीत त्यांनी लेखनिक आणि कारकून यांच्या विकारांचाही समावेश केला. त्यांनी या विकारांची तीन कारणे सांगितली : सतत बसून राहणे, हाताची एकाच प्रकारची अखंड हालचाल आणि चूक होऊ नये म्हणून मनावर येणारा ताण. ३०० वर्षांनंतर लेखणीच्या जागी कीबोर्ड आला, तरी ही तिन्ही कारणे तशीच आहेत.

१ इ. बसचालक आणि वाहक यांचा अभ्यास : जेरी मॉरिस आणि त्यांचे सहकारी यांनी लंडनमधील दुमजली बसच्या कर्मचार्‍यांचा अभ्यास करून १९५३ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. चालक दिवसभर बसून असे, तर वाहक तिकिटे देण्यासाठी दिवसभर जिना चढत-उतरत असे. वाहकांमध्ये हृदयविकाराचे प्रमाण चालकांपेक्षा कमी आढळले. बस एकच, रस्ता एकच. मुख्य भेद हालचालीचा होता.

१ ई. कामाचे अतिरिक्त तास : जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये संयुक्त निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांनुसार आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणार्‍यांच्या तुलनेत ५५ किंवा त्याहून अधिक तास काम करणार्‍यांना पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्के आणि हृदयविकाराने मृत्यू येण्याचा धोका सुमारे १७ टक्के अधिक असतो. नोकरीचे आणि सेवेचे तास शरीर वेगळे मोजत नाही. त्यामुळे आपण दोन्हींची एकत्रित बेरीज करून पाहावी.

२. बसून राहिल्यावर शरीरात काय होते ?

अ. पाय : पायांतील रक्त हृदयाकडे परत नेण्यास पोटर्‍यांचे स्नायू साहाय्य करतात. चालतांना ते आकुंचन पावतात आणि रक्त वर ढकलले जाते. बसल्यावर हे काम मंदावते. संध्याकाळी पाय जड होणे, घोट्याजवळ सूज येणे, हे त्यामुळे होऊ शकते.

आ. रक्तातील साखर : हालचाल करणारे स्नायू रक्तातील साखर वापरतात. जेवून लगेच संगणकासमोर बसल्यास हे मोठे स्नायू निष्क्रीय राहतात. जेवणानंतरची १० मिनिटांची शतपावली म्हणूनच लाभदायक असते.

इ. मान आणि पाठ : आपल्या डोक्याचे वजन साधारण साडेचार ते पाच किलो असते. ते खांद्यांच्या सरळ रेषेत असेल, तर मणका ते सहज पेलतो. पडद्याकडे मान पुढे गेली की, तोच भार मानेच्या मागच्या स्नायूंना ओढून धरावा लागतो. वाकून बसल्यावर कंबरेच्या मणक्यांमधील चकत्यांवरही ताण येतो.

ई. डोळे : पडद्याकडे एकटक पाहतांना पापण्यांची उघडझाप पुष्कळ कमी होते. त्यामुळे डोळे कोरडे पडतात, चुरचुरतात. जवळचे पाहतांना डोळ्यांतील स्नायू आकुंचित राहतात. दूर पाहिल्यावरच ते सैल होतात.

३. बसण्याची योग्य व्यवस्था

३ अ. खुर्ची आणि पटल (टेबल) : पाऊल पूर्ण भूमीवर टेकलेले असावे. पाय लोंबकळत असल्यास खाली पाट किंवा जाड ग्रंथांचा गठ्ठा ठेवावा. कंबरेच्या मागे पोकळी रहात असेल, तर टॉवेलची गुंडाळी करून ठेवावी. कोपरे शरीराजवळ आणि साधारण काटकोनात असावीत. मनगट वर किंवा खाली मुडपलेले नसावे.

३ आ. पडदा : पडदा हाताच्या अंतरावर असावा आणि त्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीत किंवा किंचित खाली असावी. लॅपटॉपमध्ये पडदा आणि कीबोर्ड जोडलेले असल्याने एक योग्य ठेवला की दुसरा अयोग्य होतो. त्यामुळे अधिक वेळ काम असल्यास लॅपटॉप उंच ठेवून कीबोर्ड आणि माउस वेगळा जोडावा.

३ इ. भूमीवर बसून काम करणे : अनेक जण बैठ्या मेजावर संगणक ठेवून मांडी घालून काम करतात. अशा वेळी बैठकीखाली घडी केलेले घोंगडे किंवा उशी घ्यावी. कंबर गुडघ्यांपेक्षा थोडी उंच राहिली की, पाठ आपोआप सरळ होते. वरचा पाय मधून मधून पालटावा. गुडघेदुखी असलेल्यांनी ‘पूर्वी मी असाच बसायचो’, असा आग्रह धरू नये, खुर्ची घ्यावी.

३ ई. अक्षरांचा आकार आणि प्रकाश : समर्थ रामदासस्वामींनी दासबोधाच्या १९ व्या दशकातील पहिला समास लेखन कसे करावे, यासाठी दिला आहे. तारुण्यात लिहिलेले फार बारीक अक्षर म्हातारपणी उपयोगी पडत नाही. म्हणून मध्यम आकाराचे लिहावे, असे ते त्यात सुचवतात. संगणकावर अक्षर मोठे करायला शाई किंवा कागद लागत नाही. तरीही कित्येक जण बारीक अक्षरांसाठी मान पुढे काढून वाचत असतात. अक्षरे मोठी केली, तर डोळे आणि मान दोन्हींचा ताण न्यून होतो आणि मुद्रितशोधनातील चुकाही अल्प होतात. खिडकी पडद्याच्या समोर किंवा मागे नसावी, बाजूला असावी.

४. उठण्याचा नियम

४ अ. दर अर्ध्या तासाने १ ते २ मिनिटे उठावे : एवढ्या वेळात उभे राहून खांदे मोकळे करावेत, चार पावले चालावे, पाणी प्यावे. मोठा व्यायाम करण्याची आवश्यकता नसते. बसण्याची सलगता मोडणे महत्त्वाचे असते.

४ आ. दर २ तासांनी १० मिनिटे आसन सोडावे : या वेळेत मोबाईल पाहू नये. पडदा पालटणे म्हणजे विश्रांती नव्हे. अंगणात, सज्जात किंवा जिन्यावर चालावे. झाडांना पाणी घालणे, कपड्यांच्या घड्या घालणे, केर काढणे, ही घरातील कामे या वेळेत केल्यास शरीर हलते आणि कामही होते.

४ इ. २ मिनिटांत करता येण्यासारखे व्यायाम

१. दोन्ही खांदे कानांपर्यंत उचलून सैल सोडणे (५ वेळा)
२. हनुवटी सरळ मागे नेऊन ५ आकडे थांबणे (५ वेळा)
३. हात समोर सरळ करून मनगट हळूवार वर आणि खाली वाकवणे, नंतर मुठी उघडणे-मिटणे (१० वेळा)
४. उभे राहून कंबरेवर हात ठेवून अलगद मागे झुकणे (३ वेळा)
५. भिंतीचा आधार घेऊन टाचा उचलणे आणि टेकवणे (१५ वेळा)

यांपैकी कोणत्याही हालचालीने वेदना होत असल्यास ती करू नये. ज्यांना चक्कर येते किंवा मानेच्या अथवा पाठीच्या मणक्यांचा विकार आहे, त्यांनी आधी वैद्यांना विचारावे.

४ ई. नियम कसा लक्षात ठेवावा ? : आरंभी गजर लावावा. काही दिवसांनी गजर वाजला, तरी हात आपोआप तो बंद करतो आणि आपण बसूनच राहतो. त्यामुळे उठणे एखाद्या कृतीशी जोडावे. उदा. दूरभाष आला की उभे राहून बोलणे, प्रत्येक २ पानांनंतर धारिका जतन करून उठणे, मोठ्या बाटलीऐवजी लहान पेला ठेवून तो रिकामा झाला की भरायला जाणे. सकाळी काम आरंभ करण्यापूर्वी मनाला पुढील सूचना ५ वेळा द्यावी, ‘जेव्हा मी पान पूर्ण करीन, तेव्हा मी धारिका जतन करून लगेच उभा राहीन / उभी राहीन.’

४ उ. डोळ्यांसाठी ‘२०’ चा नियम : प्रत्येक २० मिनिटांनी २० फूट, म्हणजे सुमारे ६ मीटर, अंतरावरील वस्तूकडे २० सेकंद पाहावे आणि त्या वेळी पापण्यांची सावकाश उघडझाप करावी. खोली लहान असल्यास खिडकीतून बाहेरचे झाड किंवा आकाश पाहावे.

५. शरिराचे वेग रोखू नयेत, मनाचे रोखावेत !

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सातव्या अध्यायात जे नैसर्गिक वेग रोखू नयेत, असे १३ वेग सांगितले आहेत. मूत्र, मल, शिंक, जांभई, भूक, तहान आणि झोप यांचा त्यांत समावेश आहे. मूत्राचा वेग रोखल्याने बस्तीच्या ठिकाणी वेदना, लघवीला त्रास आणि डोकेदुखी होते. झोपेचा वेग रोखल्याने जांभया, अंगदुखी, तंद्री, तसेच डोके आणि डोळे यांचे विकार होतात, असे तेथे म्हटले आहे. बैठे काम करणारे नेमके हेच वेग रोखतात. उठावे लागू नये म्हणून पाणीच न पिणे, ही तर अनेकांची सवय असते.

त्याच अध्यायात पुढे रोखण्यायोग्य वेगही सांगितले आहेत. लोभ, शोक, भय, क्रोध, मत्सर हे मनाचे वेग त्यांत येतात. प्रत्यक्षात आपल्याकडून उलट होते. आपण लघवी रोखतो आणि धारिका उघडायला उशीर झाला की चिडतो; तहान रोखतो आणि सहसाधकाने चूक दाखवली की लगेच प्रत्युत्तर देतो. ‘आज एवढे संपवूनच उठीन’, हा हट्टही मनाचाच वेग आहे. तो तळमळीसारखा दिसतो. पण पुष्कळदा त्यात ‘मी किती केले’ हे पाहण्याचा लोभ असतो. उठण्याची वेळ झाल्यावर अर्धे वाक्य सोडून उठता येणे, हा या लोभावर मात करण्याचा लहानसा सराव आहे.

६. काम अधिक आणि चांगले होण्यासाठी

अ. अवघड काम सकाळी करावे : नवीन भाषांतर, संपादन, हिशेबाची पडताळणी अशी एकाग्रतेची कामे मन ताजे असतांना करावीत. दुपारी जेवणानंतर सुस्ती येते. त्या वेळी धारिकांची नावे लावणे, छायाचित्रे निवडणे, दूरभाष करणे अशी कामे घ्यावीत.

आ. उठण्यापूर्वी एक ओळ लिहावी : ‘उठलो की विचारांची साखळी तुटते’, असे अनेकांना वाटते. यावर सोपा उपाय म्हणजे पुढे काय करायचे आहे, ते एका ओळीत कागदावर लिहून मग उठणे. परत आल्यावर ‘कुठे होतो’ हे शोधावे लागत नाही.

इ. दुपारचा आहार हलका घ्यावा : पोटभर जेवून बसल्यावर श्वासही पूर्ण घेता येत नाही. कामाच्या जागी फरसाण-बिस्किटांचा डबा ठेवू नये. पडद्याकडे पहात खातांना किती खाल्ले, हे कळत नाही.

ई. झोप न्यून करू नये : प्रौढ व्यक्तीला साधारण ७ तास किंवा अधिक झोप आवश्यक असते. रात्री १ वाजता तपासलेल्या पानांतील सुटलेल्या चुका दुसर्‍या दिवशी कुणाला तरी पुन्हा शोधाव्या लागतात. श्रीमद्भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायात आहार, विहार, कर्म, झोप आणि जागरण या सर्वांमध्ये युक्तता, म्हणजे प्रमाणबद्धता, हवी असे सांगितले आहे. त्यात कर्माचाही समावेश आहे, हे लक्षात घ्यावे. चांगले काम असले, तरी त्यालाही प्रमाण हवे.

७. शंकानिरसन

शंका : मी प्रतिदिन सकाळी एक तास चालतो. मग दिवसभर बसल्यास काय बिघडते ?
उत्तर : चालणे अतिशय लाभदायक आहे. १० लाखांहून अधिक व्यक्तींच्या माहितीवर आधारित आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणानुसार प्रतिदिन ६० ते ७५ मिनिटे मध्यम गतीचा व्यायाम करणार्‍यांमध्ये ८ तासांहून अधिक बसण्यामुळे वाढणारा मृत्यूचा धोका आढळला नाही. त्यामुळे आपले चालणे चालू ठेवावे. मात्र मान, मनगट आणि डोळे यांना सकाळच्या चालण्याने दुपारी विश्रांती मिळत नाही. त्यांच्यासाठी मधून मधून उठणे आवश्यकच आहे.

शंका : मला एक तास चालायला वेळ नाही. मग थोडेसे करून काय उपयोग ?
उत्तर : जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूत्रांनुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम गतीचा व्यायाम करावा. तेवढे जमत नसेल, तरी काहीही न करण्यापेक्षा थोडे करणे चांगलेच, असेही त्यात आहे. प्रतिदिन २२ मिनिटे भरभर चालल्यास आठवड्याचे १५० मिनिटांचे लक्ष्य पूर्ण होते. ती वेळ दोन भागांत विभागली तरी चालते.

शंका : उभे राहून काम केले तर ?
उत्तर : काही वेळ उभे राहणे चांगले आहे, पण तासन्‌तास एकाच जागी उभे राहिल्यास पाय आणि कंबर दुखतात. बसणे, उभे राहणे आणि चालणे यांत पालट करत राहावे.

८. दायित्व असणार्‍यांनी लक्षात घ्यावयाची सूत्रे

विशेषांक किंवा मोठा कार्यक्रम जवळ आला की, सर्व जण अधिक वेळ बसतात. अशा वेळी नियोजन करणार्‍यांनी कामाच्या तासांतच विश्रांतीची वेळ धरावी. प्रत्येक दोन तासांनी सर्वांनी एकत्र उठून ५ मिनिटे शरीर मोकळे केल्यास कुणालाही एकट्याने उठतांना संकोच वाटत नाही. आढावा घेतांना ‘किती पाने झाली ?’ यासह ‘मान, डोळे, मनगट कसे आहे ?’ असेही विचारावे. नवीन साधक दुखणे सांगायला कचरतात. ‘इतर एवढे करतात आणि मीच कसे सांगू’, असे त्यांना वाटते. त्यांना आधीच विचारले, तर आठ दिवसांच्या पालटाने सुटणारी अडचण आठ मासांपर्यंत लांबत नाही.

९. ही लक्षणे दिसल्यास वैद्यांना दाखवावे

अ. अंगठा, तर्जनी आणि मधले बोट यांना मुंग्या येणे, रात्री हात बधीर होऊन जाग येणे किंवा वस्तू हातातून निसटणे
आ. मानेतून हातात किंवा कंबरेतून पायात जाणारी कळ, बधीरपणा
इ. एकाच पायाला सूज येऊन पोटरी दुखणे (यासाठी त्याच दिवशी वैद्यांकडे जावे.)
ई. डोळे सतत लाल असणे, दिसण्यात पालट होणे

छातीत दुखणे, धाप लागणे, अकस्मात हात-पाय किंवा चेहर्‍याची एक बाजू लुळी पडणे, तसेच कंबरदुखीसह मल-मूत्रावरील नियंत्रण जाणे, असे झाल्यास तत्काळ रुग्णालयात जावे. ‘काम संपल्यावर पाहू’, असे म्हणू नये.

१०. आजपासून काय करावे ?

वरील सर्व सूत्रे एकाच दिवशी कृतीत आणण्याचा प्रयत्न केल्यास चार दिवसांत सर्वच सुटते. त्यामुळे पहिल्या आठवड्यात केवळ दर अर्ध्या तासाने उठावे. दुसर्‍या आठवड्यात पडद्याची उंची आणि अक्षरांचा आकार सुधारावा. तिसर्‍या आठवड्यात जेवणानंतरची शतपावली आणि चौथ्या आठवड्यात झोपेची वेळ निश्चित करावी. रात्री वहीत तीनच प्रश्नांची उत्तरे लिहावीत : आज किती वेळा उठलो ? कोणता वेग रोखला ? कुठे दुखले ?

आपल्याला हे कार्य एखाद्या आठवड्यासाठी नव्हे, तर अनेक वर्षे करायचे आहे. ज्या हातांनी, डोळ्यांनी आणि पाठीने ते होणार आहे, त्यांची काळजी घेणे हे कार्यापासून वेगळे नाही. हे सूत्र वाचून झाले असेल, तर आता आसन सोडून दोन मिनिटे चालून यावे !